जकार्डची कार्डं

शाळेतला कार्डशीट संपला होता,
शिपाई म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.
म्हणून मी अशोक चौकामागे
येमूलांच्या बंद कारखान्यात गेले.
चार माग उभे होते,
अंगावर जुन्या चादरी पांघरून,
जणू त्यांनाही बरं नाही.

"कार्डं पाहिजेत म्हणता?"
अंबादास येमूल शिडी चढले.
"माझ्याकडं कार्डंच कार्डं हायत बाई."
माळ्यावरून त्यांनी गठ्ठा ओढला:
तपकिरी पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या,
अंगभर भोकं,
कडेला तुटलेल्या दोऱ्याची टोकं.
ह्या मोराच्या. ह्या कमळाच्या.
ही कुठली ते त्यांनाही आठवेना,
बोटं फिरवत राहिले भोकांवरून.
रद्दीवाला किलोला नऊ रुपये देत होता.
त्यांनी दिल्या नव्हत्या.

सिव्हिलच्या मुलांच्या वॉर्डात
बत्तीस खाटा.
सातवी ब, शनिवारची सकाळ,
बाकांवर खळ, खडू, चमकी.
मी फळ्यावर लिहिलं: लवकर बरा हो.
तब्बसुमनं खाली 'बरी हो' लिहायला लावलं.

मल्लिनाथ मागच्या बाकावरून उठला.
गेल्या साली डेंग्यूत
बारा दिवस तो तिथंच होता.
"बाई, असं नका लिहू."
"का रे?"
"तिथं सगळेच असं म्हणत्यात.
डॉक्टर म्हणतंय, मावशी म्हणती,
आई तर रात्रभर म्हणती.
आपण काय मुद्दाम पडून ऱ्हातो का?"
वर्ग हसला. मला हसू आलं नाही.
"मग काय लिहायचं?"
"बाहेर काय चाललंय ते."

फळा पुसला.
श्रावंतीनं लिहिलं:
कन्ना चौकातल्या कुत्रीला पाच पिल्लं झाली,
एकाचा एकच कान पांढरा आहे.
वीरेशनं लिहिलं:
काल पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं,
दोन बायका भांडल्या,
कोण जिंकलं ते भेटल्यावर सांगतो.
कुणी गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा काढला,
आणि भोकांना पिवळी कड दिली,
की झाले दिवे.
भोकं मात्र कुणीच बुजवली नाहीत.
मी सांगितलं नव्हतं.

वॉर्डात मुलांना सोडत नाहीत,
मी आणि येमूल गेलो.
अकरा नंबरच्या पोराचा हात
सलाइनसाठी फळीला बांधलेला.
त्यानं चित्र पाहिलंच नाही,
पट्टी डोळ्याला लावली,
एका भोकातून आईकडं बघत राहिला.
"आई, तू बारीक झालीस."
तिनं पदर सारखा केला,
आणि काहीतरी शोधायला
खाटेखाली वाकली.

पुढच्या शनिवारी गेलो तर
पट्ट्या एकमेकींना बांधलेल्या,
बँडेजच्या सुतानं,
ह्या खाटेच्या दांडीवरून त्या खाटेच्या दांडीवर,
खिडकीपर्यंत.
कुणी सांगितलं, असंच बांधतात म्हणून?
येमूलांनी चष्मा काढला,
एकेका पट्टीवर बोट ठेवत
खाटेखाटेनं चालत गेले,
चाळीस वर्षं मागासमोर चालावं तसे.
"मोराच्या मानंवर कमळाचं देठ आलंय," म्हणाले,
"नक्षी काय येणार नाही ह्यातनं."
मग थोड्या वेळानं,
"पण कापड निघंल."

अकरा नंबरची खाट रिकामी होती.
गादी गुंडाळलेली.
मी विचारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
सिस्टर हसल्या.
"अहो, घरी गेला तो, अक्कलकोटला.
पट्टी न्यायची म्हणून रडला,
मग स्वतःच म्हणाला, मधनं तुटंल,
राहू दे.
हे तुमच्यासाठी ठेवून गेलाय."

औषधाच्या चिठ्ठीची पाठ,
उजवा हात बांधलेला, म्हणून
डाव्या हातानं काढलेली अक्षरं:
पांढऱ्या कानाच्याचं नाव काय ठेवलं?
ठेवलं नसलं तर थांबा.

सोमवारी वर्गात वाचून दाखवलं.
श्रावंती खाली बघत होती.
नाव तिनं कधीच ठेवलं होतं.
आता त्या नावानं
ती त्याला हाक मारत नाही.