उधारी

ओगलाला, नेब्रास्का. वीज जाऊन तिसरा हिवाळा.
हार्डवेअरच्या दुकानात व्हर्ना
खिळ्यांच्या तराजूत काडतुसं जोखतेय.

बारा बोअरची पंचवीस
राजम्याच्या तीन डब्यांएवढी भरली.
"मोठा बार म्हणजे लांबवर आवतण,"
म्हणत तिने ती परत फळीवर ठेवली,
लेबल समोर करून.

बावीसची पाचशे. ओंजळभर.
तेलकट ज्वारीसारखी खुळखुळली.
सशाला पुरेत, पारव्याला पुरेत.
माणसाला?
मी विचारलं नाही.
काटा थांबेस्तोवर तिनेही वर पाहिलं नाही.

निघताना गल्ल्यामागची वही काढली,
थुंकी लावून पान उलटलं:
बावीस बोअर, पाचशे. नावे व्हर्ना क्लाइन.
मेलेल्या दुकानदाराच्या रकान्यात, नीट.

"तारीख?"
मी बाहेर बर्फाकडे पाहिलं.
"फेब्रुवारी असेल."