पंधरावी खुंटी

लेक सुपीरियर गोठलं की धक्क्याला
खनिजाची जहाजं मार्चपर्यंत मुकाट उभी राहतात.
नेमक्या त्याच दिवसांत, फेब्रुवारीत,
आमच्या संघात माणसं हलवायचा मोसम येतो.

वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, प्रेंटिस हॅलोवेल
फळ्यावर चुंबकाच्या पट्ट्या सरकवत असतो.
पट्टीवर नाव, वय, पगार,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात : गुडघा.
मी तळघरात. ड्रायरच्या घरघरीशेजारी माझं मशीन.
तीस वर्षं जर्सीच्या पाठीवर नावं बसवते मी,
आणि उसवतेही.
बसवण्याचे पैसे मिळतात,
उसवणं त्यातच धरलेलं असतं.

मुदत दुपारी दोनची. पावणेदोनला ऑर्विल जिना उतरून आला.
त्याच्या हातात कॉफी नव्हती, तेव्हाच कळलं.
"हिल्का, चौदा नंबर."
बॉयकिन. सहा अक्षरं.
"आणि पंधराव्या खुर्चीवरचा पोरगा."
का, ते त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं :
एकाच्या बदल्यात टोलीडोहून दोघं येणार,
पंधराच्या वर सोळावा बसत नाही,
म्हणून नीमीला मोकळं केलं.
मोकळं. जसं काही आजवर दाव्याला बांधला होता.

बॉयकिनचा टाका मी दुहेरी घातलेला.
तो रिबाउंडला उडी मारतो ना,
तेव्हा मागून सगळे त्याला तिथंच धरतात.
सुटता सुटेना. ब्लेडनं एकेक दोरा तोडला,
सहाही अक्षरं बिस्किटाच्या डब्यात टाकली.
नीमीचं नाव पाच मिनिटांत निघालं.
मुळात मी ते कच्चंच शिवलं होतं.
हे ऑर्विलला कधी सांगितलं नाही.

मग स्टँकेविचस. बारा अक्षरं, दोन्ही खांद्यांना टेकणारी.
आठ शिवून झाली.
पाच वाजता वरून फोन : थांब.
टोलीडोच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो पाठवला,
आमच्या डॉक्टरांनी तो दिव्यावर धरला,
आणि बोलणी फिसकटली.
बॉयकिन विमानतळावर बूट काढून रांगेत उभा होता.
तिथून टॅक्सीनं परत आला.
बायकोनं पोरीच्या शाळेत दाखला मागितला होता,
तो तिनं फोनवरूनच नको म्हणून सांगितला.

सात वाजता सामना. मी त्याच भोकांतून सुई घातली,
पण कापड एकदा टोचलं की टोचलं.
जुन्या भोकांची रांग नव्या टाक्याशेजारी दिसतच राहिली,
दुरून नाही, हातात घेतल्यावर.
त्यानं हातात घेतली.
अंगठा नावावरून नेला, के पासून एन पर्यंत, मग उलटा.
म्हणाला, "हिल्का, विमानतळावर पिझ्झा फार महाग आहे."
आणि डोक्यातून जर्सी ओढून घेतली.

अकरा मिनिटं खेळला. सहा गुण, चार रिबाउंड.
तो मैदानात उतरला तेव्हा लोक उभे राहून ओरडले,
दुपारी तेच लोक विचारत होते
की त्याच्या बदल्यात आणखी काही पदरात पडलं असतं का.
हॅलोवेल वरून टाळ्या वाजवत होता.
तळहात तेच, ज्यांनी पट्टी उचलली होती.

आता सौदा मोडला म्हणजे
सगळं सकाळसारखं व्हायला हवं, असं मला वाटलं होतं.
ऑर्विलला विचारलं, नीमीची जर्सी पुन्हा शिवू?
तो टॉवेल मोजत राहिला.
सतरा, अठरा.
जागा रिकामी ठेवली तर पगार वाचतो, म्हणाला.
एकोणीस.

पोरगा इथलाच, लोखंडाच्या खाणींच्या गावचा.
बाप त्याला आणायला जुनी गाडी घेऊन आला होता,
मागच्या सीटवर बर्फ खरवडायचं फावडं.
चौदा सामने बाकावर बसला, एकदा तीन मिनिटं खेळला.
त्या तीन मिनिटांत पाठीवरचं नाव सुटलं नाही,
एवढंच माझं नशीब.

डबा आवरताना त्याची पाच अक्षरं बाजूला काढली.
उरलेल्या कापडावर, दिवा मालवायच्या आधी,
पक्क्या टाक्यानं शिवून पाहिली.
कुणासाठी, ते माहीत नाही.
बाहेर गोठलेल्या तळ्यावर
एका जहाजानं अधूनमधून कुरकुर केली.