कारण : इतर

दिल्लीहून कागद आला आहे, त्यावर एक रेघ.
कडोलीपासून सांबऱ्यापर्यंत सरळ झोपलेली,
दोन अंश, दोन, अडीच, पुन्हा दोन,
आणि दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी
उंटासारखी पाठ काढून उठलेली.
अकरा अंश. सतरा मिनिटं.
खाली विचारलंय : कारण सांगा.

यंत्र काडेपेटीएवढं.
फळांच्या मध्ये बसून जातं,
दर मिनिटाला ताप मोजतं,
आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या
परक्या माणसासारखं.

शेवंता हुंद्रे पहाटे साडेतीनला
कपाळाला बॅटरी बांधून स्ट्रॉबेरी खुडते.
ऊन लागायच्या आत फळ रात्रीचंच गार असतं.
तेवढा गारवा फुकटचा, ती म्हणते,
फुडचा समदा इकत.
देठ धरायचा, फळाला बोट लावायचं नाही.
बोट ऊन असतं
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

मग गार खोली, मग थर्माकोलची पेटी,
निळ्या जेलच्या थैल्या चोवीस.
मी मोजून घालतो, दरवेळी चोवीस,
वर चंदेरी पांघरूण,
आणि पेटीवर तीन लिप्यांत एकच गोष्ट : गार ठेवा.
सिद्रायला तिन्ही वाचता येत नाहीत.
तो पेटीला गाल लावून सांगतो, बराबर हाय.

माझा बाप बर्फाच्या कारखान्यात होता.
लाद्या भुशात पुरताना म्हणायचा,
गार धरून ठिवता येत न्हाई गा,
त्याचं जाणं तेवढं लांबवायचं.

तर त्या दिवशी, मार्चातली दुपार,
विमान आलेलं, पण दार उघडेना,
काँक्रीटवरून वाफ हलत होती,
लांबची मुचंडी पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती.
सिद्राय ट्रॉली ओढत होता.
ओढता ओढता खाली बसला, मग आडवा झाला,
अगदी सावकाश,
जसं कुणी जेवून लवंडतं.
नीर, म्हणाला. नीर कोडरी.

बघूलालास काय नुसता, सावली कर की!
सिक्युरिटीची कस्तुरी ओरडली.
सावली कुठली तिथं?
मैलभर सपाटी, आणि विमानाच्या पोटाखाली जायला बंदी.
मी पेट्यांवरचं पांघरूण ओढलं.
दोन कोपरे तिनं धरले, दोन मी दातात आणि डाव्या हातात,
उजव्या हातानं पट्टी कापली, झाकण काढलं,
आणि दिल्लीला निघालेल्या थंडीतली
एक थैली
त्याच्या मानेखाली सारली.

डोळे उघडायला सतरा मिनिटं लागली.
हे मला आज कळलं, या रेघेमुळे.
तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नव्हतं.

कागदावर चौकोन आहेत :
वीज गेली. दार उघडं राहिलं. विमानाला उशीर.
शेवटी, इतर.
इतरच्या पुढे बोटभर जागा,
तीत सहा फुटी सिद्राय मावत नाही.
'पांघरूण दुसऱ्या कामाला लागलं' असं लिहिलं,
खोडलं.
चहा पिऊन आलो.

शेवंताला फोन केला, सगळं सांगितलं.
ती म्हणाली, बरा हाय न्हवं त्यो?
आणि श्वास घ्यायच्या आत,
माझं किती कापणार?
दोन्ही प्रश्न खरे होते.
पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

सिद्राय दुसऱ्याच दिवशी कामावर.
थैली परत आणली त्यानं,
साबणानं धुऊन, लग्नातल्या कापडी पिशवीत घालून,
म्हणाला, कंपनीची वस्तू हाय, घरात कशाला.
धुतली तरी तंबाखूचा वास राहिलाच.
मी ती फ्रीझरमध्ये टाकली, ती पुन्हा दगड झाली.

आज पहाटे पेटी भरताना
तेवीस मोजल्या,
मग हात आत घालून तीच काढली.

कागद अजून टेबलावर आहे.
'इतर'वर खूण केली आहे,
पुढची जागा तशीच.