खात्री किती

वरच्या रस्त्यावरून कुणी पर्यटक ओरडला,
दोन आहेत, दोन! माणसं खाणारे!
फेस्टी लावेलनं मानसुद्धा वळवली नाही.
"पुढचा पर बघ. शेंड्याशी लुळा पडतो,
ओल्या बाहीसारखा.
मागचा डावी-उजवीकडे झुलतो, ते शेपटीचं टोक.
मध्ये दीड वल्ह्याचं अंतर,
आणि पाण्याखाली एकच जनावर."

मी वहीत लिहिलं: एक.
अंदाजे लांबी?
"आपल्या होडीहून एक माणूस जास्त."

ॲकिल बेटावर मे महिना. कीमच्या खाडीत पाणी
पेजेसारखं दाट, हिरवट,
वारा नावालाही नाही.
त्यानं वल्ही आत घेतली. "आता गप्प बस. येईल."

आलं. टोकदार नाक, त्याखाली तोंड
उघडं, उघडंच,
कोठाराचं दार लावायला कुणी विसरावं तसं.
आत पांढरंफटक. मी दात शोधले:
तांदळाच्या कण्या.
कल्ल्यांच्या चिरा मानेला वेढा घालून
वरून थेट गळ्याखालपर्यंत.
"ही खूण पक्की," तो म्हणाला.
"बाकी सगळं अंधारात चुकेल, ही बोटांनाही कळते."

बोटांना?

मग त्यानं सांगितलं, पाण्याकडे बघत:
जाळ्यात अडकलं की होडी जवळ न्यायची,
डांबर लावलेल्या कापडाची, अशीच.
भाला मस्तकामागे, शेवटच्या चिरेच्या
चार बोटं वर. एकदाच. चुकलात तर शेपटी.
त्याचा भाऊ कोलमन चुकला होता.
"नुसत्या यकृतानं होडी भरायची. तेल इंग्लंडला जायचं.
बहिणीचं अमेरिकेचं तिकीट निघालं त्यातून.
अठरा वर्षांचा होतो."

वडील म्हणायचे, शिडांचं जनावर.
फेस्टी नुसतं 'ते' म्हणतो.

ते होडीखालून गेलं. पाठ हाताच्या अंतरावर,
करडी, तपकिरी, ऊन-सावलीचे पट्टे ओढत.
फेस्टीचा हात पाण्यावर गेला,
नेमका त्या जागेच्या वर,
आणि तिथेच राहिला, न टेकता,
ते पुरतं जाईपर्यंत.
बराच वेळ जात होतं.

वहीतले शेवटचे रकाने.
वर्तन: पृष्ठभागाशी, संथ, तोंड उघडं,
होडीला बिचकलं नाही.
जात: बास्किंग शार्क.
ओळख पटल्याची खात्री किती, दहापैकी?

पेन्सिल मी त्याच्याकडे दिली.
त्यानं चष्म्यासाठी खिसे चाचपले, सापडला नाही.
"तूच लिही," म्हणाला, आणि वल्ही पाण्यात सोडली.

वर रस्त्यावर तो माणूस
फोन धरून अजून मोजत होता: दोन.