दहा ते तीन

टेपचं दुसरं टोक धरायला सातव्या मजल्यावरचा जिराइर,
आणि नऊ मजले चढून धापा टाकणारी मी.
बुर्ज हमूदमधलं हे छत
वर येऊन पाहिलं तर कोणाचंच नाही,
खाली जाऊन विचारलं तर प्रत्येकाचं.

पाण्याच्या टाक्या चोवीस.
डिश अकरा, त्यातल्या चालू किती कोण जाणे.
तुपाच्या डब्यांतला पुदिना,
चाक निखळलेली बाबागाडी,
आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, नेमकं दक्षिणेच्याच,
गाराबेदचं कबुतरांचं खुराडं.

मी वहीत लिहिलं: चाळीस पॅनल,
टाक्या उत्तरेला सरकवल्या तर.
घरं चोवीस. प्रत्येकाला हवीत आपापली चार.
हा भागाकार जिराइरला तोंडी येतो.

बैठक जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये,
मोबाइलच्या उजेडात, पायऱ्यापायऱ्यांवर.
"ज्याची त्याची बसवा," नाझारेत म्हणाला, "कटकट नको."
मी म्हटलं, पहिले दहाजण बसवतील,
उरलेले चौदा त्यांच्या वायरी मोजतील.
तेवढ्यात कोणीतरी जनरेटरवाल्याचं नाव काढलं,
पाच अँपिअरचे पैसे दर महिन्याला मोजून घेणाऱ्याचं,
आणि पहिल्यांदाच अख्खा जिना
एका सुरात शिव्या देऊ लागला.
एकत्र बसवायचं, हे तिथंच ठरलं असावं.
इतिवृत्तात तसं लिहिता आलं नाही.

मग बॅटरी.
शिशाची स्वस्त, तिसऱ्या वर्षी मान टाकणारी.
लिथियमची महाग.
सगळ्यांनी आधी स्वस्त आकड्याकडे पाहिलं,
मग एकमेकांकडे,
मग कोणाकडेच नाही.

मग यादी: पंप, जिन्यातले दिवे, घरटी एक फ्रिज.
"मला फ्रिज नको," आठव्या मजल्यावरच्या सिरार्पीबाई
फोनच्या स्पीकरवरून म्हणाल्या.
"लिफ्ट."
चौदा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या.
तळमजल्यावरचा चपलांचा दुकानदार म्हणाला,
लिफ्टशी माझा काय संबंध?
त्याचंही खोटं नव्हतं.
मी समजावलं: लिफ्ट उठताना एकदम मोठा घोट घेते,
त्यासाठी इन्व्हर्टर थोराड लागेल,
तरी ती चालेल उन्हाच्या भरातच, दहा ते तीन.
फोनमधून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

राहिलं खुराडं.
पॅनल माळेत ओवलेली असतात,
एका मण्यावर सावली पडली की अख्खी माळ मंदावते.
प्रत्येक मण्याला वेगळं यंत्र लावता येतं,
पण त्या पैशांत लिथियम हातचं जातं.
"दोन मीटर हलवा," नाझारेत म्हणाला.
गाराबेद इतका वेळ गप्प होता. म्हणाला,
"खुराडं हलेल. कबुतरं नाही हलणार.
ती जुन्या जागीच उतरतील,
तुमच्या काचेवर.
आणि काचेवर काय करतील, ते मी सांगायला नको."

जिना हसला. दुकानदारसुद्धा.
सही मात्र त्यानं अजून केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत चढले.
डिसेंबर. तीनला दहा कमी.
जिराइरनं शाळेतून खडू आणला होता.
खुराड्याची सावली जिथवर पोचली
तिथवर आम्ही फरशीवर तिची कड आखून घेतली,
वाकडीतिकडी, वर बसलेल्या तीन कबुतरांसकट.
वर्षभरात ती याहून लांब हात टाकत नाही.
तिच्या बाहेर काय बसेल ते मोजलं: सदतीस.
चाळीस खोडले. सदतीस लिहिले.
कंपनीला कारण काय द्यायचं?
"कायमस्वरूपी अडथळा."
गाराबेदला दाखवलं. त्याला शब्द आवडला.

उतरताना आठव्यावर दार किलकिलं झालं.
"दहा म्हणजे दहालाच?"
म्हटलं, ढग नसले तर. आणि मार्चच्या आधी नाही.
त्यांनी मनातल्या मनात काही मोजलं.
"चालेल," म्हणाल्या,
"तोवर बाहेरचे बूट घालून
घरातल्या घरात चालून बघते."