उष्टं

पायसांदूत येर्बाचा कडू चहा
एकट्यानं कुणी पीत नाही.
एकच नळी हातोहात फिरते,
आणि ती पुसून घेणं म्हणजे अपमान.

झुल्मा फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसते.
तिची किटली तिच्याकडे, माझी माझ्याकडे.
मध्ये चार मीटर, आणि शेजाऱ्यांचं कुत्रं,
ज्याला कुठलाच नियम लागू नाही.

आठ वाजले की गोळ्या. सकाळी, रात्री.
त्या माझ्या आतल्या पहारेकऱ्याला पेंगत ठेवतात,
नाहीतर तो झुल्माची किडनी
परकी म्हणून हाकलून देईल.
पण पेंगणारा पहारेकरी
दाराशी कोण आलंय तेही बघत नाही.
म्हणून मास्क. म्हणून संत्रीसुद्धा
दोन दिवस व्हरांड्यात.

"वाढदिवसाला तरी आत येऊ?"
मी मान हलवतो.
ती रागावते. कुत्र्याला उगाच हाड् करते.
मग डाव्या कुशीवर, व्रणाशी, हात ठेवून हसते:
"नळी नको म्हणतोस.
सहा वर्षं माझं उष्टंच तर वापरतोयस, रे."

किटलीतलं पाणी कोमट झालंय.
ती जाते. खुर्ची नेत नाही.