कवलापूर ते आष्टा, विमानाने

मुलगा मिरजेहून आला, पन्हाळे आडनावाचा.
सॅकमध्ये फाइल, फाइलमध्ये प्लास्टिक,
प्लास्टिकमध्ये एक पाकीट.
"कुंदाताई, तेवढं बघून सांगा. कोल्हापुरात एक जण
चार हजार म्हणतोय. दुसरा म्हणतो, चुलीत घाल."

मी चहा लांब सरकवला, हात पुसले,
चष्मा बदलला.

लाल-निळी किनार पट्टी धरून रंगवलेली.
उजव्या कोपऱ्यात लाल संपलाय,
तिथून पुढं बहुतेक कुंकू.
विमानाला तीन पंख, चाकं बैलगाडीची.
भिंगातून आरे मोजले: बारा, बरोबर.
खाली वळणदार अक्षरात
"पहिली विमानटपाल, कवलापूर ते आष्टा",
शिक्क्यात तारीख ३१ जून १९७९.

कवलापूरच्या धावपट्टीवर तेव्हा शेळ्या चरायच्या.
आणि आष्ट्याला विमान उतरवणार कुठं,
उसात?

"भूपाल आवटी," मी म्हटलं.
हरभट रोडला जिन्याखाली बसायचा,
रबरी शिक्के करून द्यायचा.
सोसायटीचे, सरपंचांचे, हळदीच्या अडत्यांचे.
दिवसभर ब्लेडनं उलटी अक्षरं कोरायचा
आणि बोलायचाही तसाच, शेवटाकडून.
रात्री अशी पाकिटं.
विकली एकही नाही. वाटायचा.

"पण खोटं ओळखायचं कसं?"

अरे, एकतीस वर्षं शिक्के मारलेत मी.
खरा शिक्का कंटाळून पडतो.
एका अंगाला दाबलेला, दुसऱ्या अंगाला पुसट,
कारण थैली बांधायची असते,
बाहेर गाडीवाला हॉर्न देत असतो,
आणि खांदा दुपारीच गेलेला असतो.
हा बघ. वर्तुळ पुरं, अक्षर न् अक्षर उठलेलं.
इतक्या मायेनं सरकार शिक्का मारत नाही.

तिकीट तेवढं खरं. पंचवीस पैशांचं.

मग मी पाकीट उलटं केलं.

मागं आष्ट्याचा पोचशिक्का.
काळा, कलंडलेला, 'ष्टा'चा काना बसलेला.
४ जुलै.
त्या ठशाची मूठ सैल होती,
तिला सुतळी गुंडाळली होती मी,
नोकरीच्या पहिल्या महिन्यात.

मुलगा काहीतरी विचारत होता.

नियमानं ते बैरंग व्हायला हवं होतं.
पुढचा शिक्का बनावट, म्हणजे दुप्पट पैसे
पत्ता असलेल्या बाईकडून:
चि. सौ. पद्मल चौगुले, बस्तीमागं.
ढिगात ते पालथं पडलं असणार.
मी पालथ्यावर मारला, पुढचं उचललं.
तीन पंखांचं विमान माझ्या हाताखालून गेलं
आणि मी बघितलं नाही.
मग सिद्राम सायकलवरून देऊन आला असेल.
पाऊस असला की तो पिशवी पोटाशी धरायचा
आणि एका हातानं हँडल.

"मग किती लावू?"

पुढच्या बाजूचं लिही: बनावट, हातानं केलेलं, हौशी.
तीनशे रुपये.
आवटी माहीत असलेलं गिऱ्हाईक भेटलं तर सहाशे.
मागच्या बाजूचं मी सांगणार नाही.

"का?"

त्यात माझा हात आहे.

त्याला ती चेष्टा वाटली. किंवा भलतंच काही.
पाकीट प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक फाइलमध्ये,
गाडीला किक मारता मारता थांबला.
"आत काय होतं हो, ताई?"

आत काही नाही आता. हळदीचा वास, तोही
सांगलीत कशालाही येतो.
पण वरची कड बघ,
फाडलेली नाही. कात्रीनं कापलीय,
विमानाच्या शेपटाला धक्का न लावता.